आधी प्रत, मग दुरुस्ती: मध्येच नाहीशी होणारी बाह्य डिस्क, अडखळणारा माउस आणि बॅकअप

प्रश्न थोडक्यात असा आहे. लॅपटॉपला चार पोर्टांचा एक साधा यूएसबी हब जोडला आहे आणि त्यावर २ टेराबाइटची बाह्य हार्ड डिस्क, कीबोर्ड आणि बिनतारी माउसचा रिसीव्हर लावलेला आहे. मोठ्या फाइली कॉपी करताना डिस्क मध्येच नाहीशी होते आणि काही क्षणांनी परत दिसते. त्याच सुमारास माउस अडखळतो. वाय-फायवरचा प्रिंटर अधूनमधून ‘ऑफलाइन’ दाखवतो. एकदा तर डिस्क जोडल्यावर विंडोजने ती फॉरमॅट करायची का, असे विचारले. लॅपटॉपमध्ये जागा व्हावी म्हणून बऱ्याच वर्षांची छायाचित्रे आणि कागदपत्रे ‘बॅकअप म्हणून’ याच डिस्कवर हलवलेली आहेत. विंडोज नव्याने टाकल्यास हे सगळे सुटेल का, असा शेवटचा प्रश्न आहे.

विंडोज नव्याने टाकू नका. या तक्रारींपैकी एकीचेही मूळ तिथे असण्याची शक्यता फार कमी आहे. शिवाय नव्याने टाकताना समोर येणाऱ्या यादीत जोडलेल्या सर्व डिस्क दिसतात आणि घाईत चुकीचे विभाजन पुसले जाण्याचे प्रकार नेहमी घडतात. प्रश्नातला सर्वांत गंभीर शब्द ‘हलवलेली’ हा आहे. फाइली मूळ जागेवरून काढून दुसऱ्या डिस्कवर ठेवल्या असतील, तर त्यांचा बॅकअप झालेला नाही, फक्त जागा बदलली आहे. म्हणजे ज्या डिस्कबद्दल शंका आहे, तिच्यावरच सगळ्याची एकमेव प्रत आहे. त्यामुळे दोष कुठे आहे हे शोधणे दुय्यम ठरते. आधी प्रत काढायची आणि ती तपासून झाल्यावर मग हब, केबल, ड्रायव्हर यांच्याकडे वळायचे, असा क्रम ठेवावा.

प्रत काढण्यासाठी त्या डिस्कइतकी किंवा तिच्याहून मोठी एक नवी डिस्क लागेल. जुनी डिस्क हबवरून काढून लॅपटॉपच्या स्वतःच्या पोर्टला थेट जोडावी आणि शक्य असल्यास केबल बदलावी, आखूड आणि चांगली घ्यावी. फॉरमॅटचा प्रश्न पुन्हा आला तर नकार द्यावा. तो प्रश्न येतो याचा अर्थ एवढाच की फाइल प्रणालीचा, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे हे सांगणाऱ्या रचनेचा, सुरुवातीचा भाग त्या वेळी वाचता आला नाही. ते वीजपुरवठा क्षणभर तुटल्यानेही होते, आणि त्या वेळी डिस्कवरच्या फाइली जशाच्या तशा असू शकतात. ‘चेकडिस्क’ चालवण्याचा सल्ला अनेक जण देतील. प्रत हाती येईपर्यंत तो मानू नये. हा प्रोग्राम फाइल प्रणाली सुसंगत करण्यासाठी डिस्कवर लिहितो, आणि सुसंगत करणे म्हणजे तुमच्या फाइली वाचवणे नव्हे. वाचता न येणाऱ्या भागाशी जोडलेल्या नोंदी तो काढून टाकू शकतो. शिवाय पूर्ण पृष्ठभागाची तपासणी करायला लावल्यास आधीच थकलेल्या डिस्कला तो तासन्‌तास राबवतो.

कॉपी सुरू करण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. पहिली, डिस्क कानाशी नेऊन ऐकावी. संथ, एकसारखी घरघर ठीक आहे. ठरावीक अंतराने ‘टक्‌, टक्‌’ असा आवाज येत असेल, तर वाचणारे हेड आपली जागा शोधू शकत नाही असे समजावे आणि डिस्क लगेच बंद करावी. अशा डिस्कला पुनःपुन्हा सुरू करून पाहण्यात तबकडीचा पृष्ठभाग खरवडला जाण्याचा धोका असतो, आणि तसे झाल्यावर डेटा परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळेलाही फारसे काही करता येत नाही. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याची युक्ती अजूनही सांगितली जाते. आत दव धरते, दुसरे काही होत नाही. डिस्क घरी उघडणे तर पूर्णपणे वर्ज्य, कारण हेड आणि तबकडी यांच्यातील अंतर नॅनोमीटरांत मोजले जाते आणि धुळीचा साधा कण त्याच्या कित्येक पट मोठा असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे डिस्कची स्वतःची नोंदवही, जिला ‘स्मार्ट’ म्हणतात, ती वाचावी. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो आणि लिनक्सवर स्मार्टमॉनटूल्स हे प्रोग्राम त्यासाठी पुरेसे आहेत. यादी लांबलचक असली तरी घरगुती वापरासाठी तीन ओळी बघाव्यात: क्रमांक ५, म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर (डेटा साठवण्याचे डिस्कवरचे छोटे कप्पे), क्रमांक १९७, म्हणजे वाचता न आल्यामुळे निर्णय प्रलंबित असलेले सेक्टर, आणि क्रमांक १९८, म्हणजे तपासणीत वाचताच न आलेले सेक्टर. या तिन्हींचे मूळ आकडे शून्य असतील तर डिस्क बहुधा धडधाकट आहे आणि दोष बाहेर आहे. १९७ क्रमांकाचा आकडा शून्यापेक्षा जास्त असेल आणि दिवसागणिक वाढत असेल, तर डिस्क जाण्याच्या वाटेवर आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो हे आकडे मूळ स्थितीत षोडशमान पद्धतीने दाखवतो, त्यामुळे सेटिंगमध्ये दशमान निवडून मगच वाचावेत. काही कंपन्यांच्या डिस्कमध्ये ‘रीड एरर रेट’ या ओळीत अवाढव्य आकडा दिसतो. त्याने घाबरून जाऊ नये, त्या कंपन्या त्या जागी वेगळ्याच पद्धतीने मोजणी साठवतात. मात्र ‘स्मार्ट’ स्वच्छ आहे म्हणून डिस्क सुरक्षित आहे असा उलटा निष्कर्ष काढता येत नाही. कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पडणाऱ्या डिस्क भरपूर असतात.

आकडे ठीक असतील तर साधी कॉपी चालेल, पण सगळे एकदम ओढू नये. पुन्हा कुठूनही मिळणार नाही ते आधी घ्यावे, म्हणजे छायाचित्रे, स्वतःचे लेखन, हिशेब आणि स्कॅन केलेली कागदपत्रे. चित्रपट आणि प्रोग्रामांच्या फाइली शेवटी घ्याव्यात किंवा सोडून द्याव्यात. विंडोजमधील ‘रोबोकॉपी’ ही आज्ञा मध्येच संपर्क तुटला तरी पुन्हा प्रयत्न करते आणि जे पोहोचले आहे ते दुसऱ्या फेरीत वगळते. मात्र तिचा ‘मिर’ हा पर्याय या कामात वापरू नये, कारण मूळ जागी जे सापडणार नाही ते तो प्रतीतूनही पुसून टाकतो, आणि मध्येच नाहीशी होणाऱ्या डिस्कबाबत असा आरसा ठेवणे धोक्याचे आहे. वाचनाच्या चुका येत असतील तर लिनक्सवरील ‘डीडीरेस्क्यू’ हे योग्य साधन. ते सहज वाचता येणारा भाग आधी उचलते, अडलेले भाग नंतरसाठी ठेवते आणि कुठवर काम झाले ते एका नकाशा फाइलीत लिहून ठेवते, त्यामुळे मध्ये थांबवून दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे जाता येते. कोणत्याही परिस्थितीत सोडवलेल्या फाइली त्याच जुन्या डिस्कवर उतरवू नयेत.

आता मूळ तक्रारीकडे येऊ. माझ्या मते डिस्क नाहीशी होण्याचे सर्वांत संभाव्य कारण तो हब आहे. यूएसबी २.० चे पोर्ट ५ व्होल्टवर जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३.० चे पोर्ट ९०० मिलिअँपिअर देईल, असे मानक सांगते. ज्या हबला स्वतःचा अॅडॅप्टर नाही, तो ही वीज लॅपटॉपच्या एकाच पोर्टातून घेतो, थोडी स्वतःला वापरतो आणि उरलेली सर्वांना वाटून देतो. खिशात मावणारी, आत तबकडी फिरणारी अडीच इंची डिस्क सुरू होताना क्षणभर १ अँपिअरच्या आसपास वीज मागते आणि सलग लिहितानाही तिची गरज बऱ्यापैकी असते. शेजारी कीबोर्ड आणि रिसीव्हर असताना व्होल्टेज थोडे जरी खाली आले, तरी डिस्कचा नियंत्रक स्वतःला बंद करून पुन्हा सुरू होतो, आणि आपल्याला ती ‘गेली आणि आली’ असे दिसते. मोठ्या कॉपीच्या वेळीच हे घडते, लहान फाइलीला घडत नाही, ही खूण या कारणाशी तंतोतंत जुळते. उपाय सरळ आहे: फिरती डिस्क थेट लॅपटॉपला जोडावी, आणि हब लागणारच असेल तर स्वतंत्र अॅडॅप्टर असलेला घ्यावा. साडेतीन इंची मोठ्या बाह्य डिस्कना १२ व्होल्टचा स्वतःचा अॅडॅप्टर असतो, त्यामुळे त्यांना हा त्रास होत नाही. त्यांच्या बाबतीत मात्र तो अॅडॅप्टरच जुना होऊन कमी व्होल्टेज देऊ लागतो आणि सगळे डिस्कच्या नावावर खपते.

हबनंतर संशयित केबल. बाह्य डिस्कच्या रुंद, दोन खणांच्या यूएसबी ३.० सॉकेटमध्ये केबल सैल बसू लागते आणि टेबलाला धक्का लागला तरी संपर्क तुटतो. टाइप-सी केबलींचा घोटाळा वेगळाच आहे. बाहेरून सगळ्या सारख्या दिसतात, पण फोन चार्ज करण्यासाठी आलेल्या बहुतेक केबलींमध्ये फक्त यूएसबी २.० च्या तारा असतात. अशी केबल लावल्यास डिस्क चालते, परंतु वेग सेकंदाला ३० ते ४० मेगाबाइटच्या पुढे जात नाही, आणि ग्राहक डिस्क खराब निघाली म्हणून ती परत करायला निघतात. तपासताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. हब, केबल आणि पोर्ट एकदम बदलल्यास त्रास थांबेल, पण कशामुळे थांबला ते कळणार नाही आणि खराब केबल पुन्हा खणात जाऊन बसेल.

हब आणि केबल दोन्ही निर्दोष ठरले तरच विंडोजकडे बघावे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ या पानावर वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची मुभा संगणकाला दिलेली असते, ती काढावी, आणि वीज योजनेतील ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करावे. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर संगणक पूर्ण बंद होत नाही; प्रणालीचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो. अडकलेला ड्रायव्हरही त्याबरोबर परत येतो. म्हणून ‘बंद करून चालू केले, तरी तसेच’ असे कोणी म्हणाले की मी ‘रीस्टार्ट’ करायला सांगतो, कारण खरी नवी सुरुवात त्यानेच होते.

माउस अडखळण्याचे कारण बहुतेकांना अनपेक्षित वाटते. बिनतारी माउसचे रिसीव्हर २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात काम करतात, आणि यूएसबी ३.० ची जोडणी वेगाने डेटा वाहत असताना त्याच पट्ट्यात रेडिओ गोंगाट करते. इंटेलने २०१२ साली एका तांत्रिक टिपणात हे मोजमापांसह मांडले होते. रिसीव्हर डिस्कच्या केबलीला चिकटून बसला असेल, तर कॉपी सुरू होताच माउसचा संदेश त्या गोंगाटात हरवतो. त्यासाठी माउस बदलण्याची किंवा ड्रायव्हर शोधत बसण्याची गरज नाही. एक साधी यूएसबी २.० ची विस्तार केबल घेऊन रिसीव्हर डिस्कपासून लांब, माउसच्या जवळ न्यावा. हाच गोंगाट २.४ गिगाहर्ट्‌झच्या वाय-फायलाही बाधतो. कॉपी चालू असताना इंटरनेट मंदावत असेल तर राउटरच्या ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर जाऊन पाहावे.

प्रिंटरचा या सगळ्याशी संबंध नाही. वाय-फायवरच्या प्रिंटरला राउटर दर वेळी नवा आयपी पत्ता देऊ शकतो, आणि विंडोज मात्र जुन्या पत्त्यावर हाका मारत राहते. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरसाठी एक पत्ता राखून ठेवावा आणि विंडोजमध्ये प्रिंटर त्याच पत्त्याच्या टीसीपी-आयपी पोर्टावर पुन्हा जोडावा. ‘ऑफलाइन’चा त्रास यानंतर सहसा राहत नाही. एखादे छपाईचे काम रांगेत अडकले असेल तर छपाईची रांग सांभाळणारी ‘प्रिंट स्पूलर’ ही सेवा थांबवून पुन्हा सुरू करावी.

आता बॅकअपविषयी, कारण नवी डिस्क आणून त्यावर सगळे ओतले आणि जुनी फेकून दिली, तर पुन्हा एकच प्रत उरेल. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ‘३-२-१’ हा नियम घरासाठीही योग्य आहे: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातील एक घराबाहेर. प्रत्यक्षात लॅपटॉपवरील चालू प्रत, एक बाह्य डिस्क, आणि ऑनलाइन साठवण किंवा नातेवाइकांकडे ठेवलेली दुसरी डिस्क, एवढे पुरते. तुमच्या बाबतीत लॅपटॉपमध्ये जागा नाही ही खरी अडचण आहे, त्यामुळे दोन बाह्य डिस्क आणि एक ऑनलाइन प्रत असे करावे लागेल. ऑनलाइन भागात सगळे चढवण्याची गरज नाही, पुन्हा न मिळणाऱ्या गोष्टी तेवढ्या चढवाव्यात.

ऑनलाइन साठवणीबाबत एक गैरसमज मात्र महागात पडतो. वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह यांसारख्या सेवांचा मूळ धर्म समक्रमणाचा आहे. समक्रमित फोल्डरमधून लॅपटॉपवर फाइल पुसली की ती तिकडूनही पुसली जाते, आणि खराब झालेली फाइल तिकडेही खराब होऊन पोहोचते. या दोन्ही सेवांच्या वैयक्तिक खात्यांत पुसलेल्या फाइली कचरापेटीत ३० दिवस राहतात. एखादा फोल्डर चुकून गेला हे तीन महिन्यांनी लक्षात आले, तर ती मुदत उलटून गेलेली असते. म्हणून जुन्या आवृत्त्या जपणारा बॅकअप वेगळा हवा. विंडोजमधील ‘फाइल हिस्टरी’ आणि मॅकवरील ‘टाइम मशीन’ हे काम फुकट करतात, आणि बहुतेक घरांना त्यापलीकडे काही विकत घ्यावे लागत नाही.

बॅकअपची डिस्क सतत जोडून ठेवू नये, असेही मी आग्रहाने सांगतो. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’सारखे खंडणीखोर प्रोग्राम संगणकाला दिसणाऱ्या प्रत्येक ड्राइव्हवरील फाइली कुलूपबंद करतात, आणि जोडलेली बॅकअप डिस्क त्यांच्या दृष्टीने आणखी एक ड्राइव्हच असते. कॉपी झाली की ‘इजेक्ट’ करून डिस्क काढावी. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून ‘झटपट काढणे’ हेच मूळ धोरण आहे, त्यामुळे इजेक्ट न करता काढल्यास पूर्वीइतका धोका नसतो, परंतु लिहिणे अजून चालू असेल तर कोणतेही धोरण मदतीला येत नाही.

साधन कोणते घ्यावे? वर्षातून दोनदा बाहेर काढायच्या प्रतीसाठी मी अजूनही फिरती हार्ड डिस्क निवडतो. तबकडीऐवजी चिपांवर साठवणारी एसएसडी वेगवान असते आणि पडली तरी सहसा वाचते, पण तिच्यातील डेटा विद्युतभाराच्या रूपात असतो आणि वीज न मिळाल्यास तो हळूहळू गळतो. जेडेक या संस्थेच्या मानकानुसार घरगुती एसएसडीने, लिहिण्याची तिची मर्यादा संपत आल्यावरही, ३० अंश सेल्सिअसला विजेविना १ वर्ष डेटा टिकवला पाहिजे. नवी एसएसडी याहून पुष्कळ जास्त टिकवते, तरीही तिला वर्षानुवर्षे कपाटात विसरून जाऊ नये. पेनड्राइव्ह ने-आण करण्यापुरते ठीक आहेत. अविश्वसनीय स्वस्त आणि प्रचंड क्षमतेचा पेनड्राइव्ह मिळाला, तर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ने तो पूर्ण भरून तपासल्याशिवाय वापरू नये, नकली पेनड्राइव्ह खोटी क्षमता सांगतात आणि खरी जागा संपल्यावरही लिहिल्याचा देखावा करत राहतात.

नवी डिस्क विंडोज आणि मॅक दोन्हीकडे वापरायची असेल तर ती एक्सफॅट स्वरूपात तयार करावी. फॅट३२ मध्ये ४ गिगाबाइटची एकच फाइल मावत नाही आणि मॅकला एनटीएफएस मूळ स्वरूपात फक्त वाचता येते. केवळ विंडोज असेल तर एनटीएफएसच ठेवावे, कारण मध्येच वीज तुटल्यास ते एक्सफॅटपेक्षा चांगले सावरते.

लॅपटॉप दुरुस्तीला देण्यापूर्वी किंवा त्याचा बायोस अद्ययावत करण्यापूर्वी बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कूटबद्ध करणाऱ्या विंडोजच्या सोयीची, ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली कागदावर उतरवून ठेवावी. नव्या लॅपटॉपांवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केल्यावर डिस्कचे कूटबद्धीकरण बऱ्याचदा आपोआप चालू होते आणि मालकाला त्याची कल्पना नसते. मदरबोर्ड बदलल्यावर पडदा ती किल्ली मागतो, आणि ती नसेल तर पूर्ण धडधाकट डिस्कही उघडत नाही. बाजारात अशाही काही बाह्य डिस्क आहेत, ज्यांच्या पेटीतील यूएसबी सर्किटमध्येच कूटबद्धीकरणाची चिप असते. त्यांची पेटी उघडून आतली डिस्क दुसऱ्या पेटीत बसवल्यास काहीच वाचता येत नाही.

प्रत झाली हे फोल्डरचा आकार जुळला यावरून ठरवू नये. निरनिराळ्या वर्षांची काही छायाचित्रे, एखादी मोठी चित्रफीत आणि एखादी संकुचित (झिप) फाइल नव्या डिस्कवरून, शक्यतो दुसऱ्याच संगणकावर, उघडून पाहावी. हे दर काही महिन्यांनी करावे. दोन्ही प्रती अशा तपासून झाल्यावरच जुन्या डिस्कचा निर्णय घ्यावा. १९७ आणि १९८ क्रमांकांचे आकडे शून्य असतील आणि थेट जोडल्यावर ती एकदाही नाहीशी झाली नसेल, तर तिची पूर्ण पृष्ठभाग तपासणी करून ती घराबाहेरची तिसरी प्रत म्हणून वापरता येईल. आकडे वाढत असतील तर तिच्यावर विंडोजमधील पूर्ण फॉरमॅट चालवावे, ज्यात प्रत्येक सेक्टरवर शून्ये लिहिली जातात, आणि मगच ती ई-कचऱ्यात द्यावी. जलद फॉरमॅट केवळ अनुक्रमणिका पुसते आणि तुमची कागदपत्रे पुढच्या माणसाला सहज काढता येतात.